नावाचे पैसे आणि कामाचे पैसे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



2025 च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. घाटाखालच्या एका बाजाराच्या गावी आम्ही एका कृषी केंद्रासमोर उभे होतो. रांग रस्त्यापर्यंत आलेली, ऊन डोक्यावर. दुकानात कपाशीची वीस-पंचवीस नावांची पाकिटे मांडलेली होती. रांगेतल्या एका बाबांना मात्र एकच नाव हवे होते. पाकिटावर छापील किंमत 901 रुपये. दुकानदार मोठ्याने म्हणाला, "ते वाण संपले." मग हळूच म्हणाला, "तेराशे देत असाल तर संध्याकाळी या. बिल मागू नका."

बाबा आमच्याकडे वळले. "साहेब, तुम्ही शेतकी शिकलेले. हे जादाचे चारशे देणे बरोबर आहे काय?"

भावांनो, आमच्यापाशी पदवी आहे, पण त्या बाबांना द्यायला उत्तर नव्हते. आज ते उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

शहरातले शहाणे लोक म्हणतात, शेतकरी अडाणी आहे, जाहिरातीला भुलतो. त्यांच्या घरात अ‍ॅपल कंपनीचा फोन असतो. तेच काम करणारा दुसरा फोन चौथाई किमतीत मिळतो, तरी ते चौपट मोजतात. त्याला कोणी अडाणी म्हणत नाही, त्याला 'पसंती' म्हणतात! बरे, फोन दुकानात हातात घेऊन पाहता येतो. बिघडला तर दुरुस्त होतो, जुना झाला तरी विकला जातो. बियाणे फोडून आत काय आहे ते दिसत नाही. ते कसे निघाले हे कळते दिवाळीला, आणि तोवर मृग परत येत नाही. ज्या वस्तूची पारख घेताना करता येत नाही, तिच्यात माणूस नावालाच धरून चालतो. तेव्हा नावाला जादा पैसे देणारा शेतकरी मूर्ख नाही.

हिशेब करून पाहा. एकराला दोन पाकिटे धरली तर जादाचे झाले 800 रुपये. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये. म्हणजे ते 800 रुपये झाले दहा किलो कापसाचे. त्या नावामुळे एकरी दहा किलो जास्त कापूस आला तर पैसे वसूल. आणि दुसरे वाण फसले तर अख्खा हंगाम गेला. कोरडवाहू माणूस हा हिशेब तोंडी करतो आणि तेराशे देतो. हिशेबात चूक नाही. चूक कुठे आहे ते पुढे सांगतो.

आधी थोडे मागे जाऊ. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मंजुरी दिली. वाणे महिकोची, म्हणजे आपल्या देऊळगाव राजाच्या शेजारच्या जालन्याच्या कंपनीची. बद्रीनारायण बारवाले यांनी ती 1964 साली उभी केली. तंत्रज्ञान अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे, नाव 'बोलगार्ड'. त्या वेळी साध्या संकरित सरकीचे पाकीट चारशे-साडेचारशेला मिळे, आणि बोलगार्डचे 450 ग्रॅमचे पाकीट 1600 रुपयांच्या घरात. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तंत्रज्ञानाची फी.

तरी लोकांनी घेतले. का घेतले? हिरव्या बोंडअळीने कंबर मोडली होती म्हणून. दहा-दहा फवारण्या करूनही बोंडे पोखरली जात होती. 2001 साली गुजरातेत अळीने हाहाकार केला, तेव्हा नवभारत-151 नावाच्या वाणाची शेते मात्र हिरवीगार उभी राहिली. तपास केला तेव्हा त्यात बीटीचे जनुक सापडले. सरकारने ती कपाशी उपटून जाळायची भाषा केली, आणि शेतकरी तिच्या बाजूने उभा राहिला. शेजाऱ्याचे उभे पीक ही त्याच्यासाठी जाहिरात होती. दहा वर्षांत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांवर क्षेत्रात बीटी गेली. ते 1600 रुपये महाग होते, पण ते कामाचे पैसे होते. अळी मरत होती, फवारणी वाचत होती.

2006 साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगापुढे या फीविरुद्ध भांडण नेले आणि पाकिटाची किंमत 750 वर आणली. इतर राज्यांतही भाव उतरले. पुढे केंद्राने 2015 साली किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. 2016 पासून देशभर एकच कमाल किंमत आली आणि फी 49 रुपयांवर आली. 2020 साली फी शून्य झाली. पाकिटावरचा भाव उतरला, याचा आनंद सगळ्यांना झाला. आम्हालाही झाला.

पण आज काय दिसते? बोलगार्ड-2 मध्ये दोन जनुके आहेत, आणि त्या दुकानातल्या बहुतेक पाकिटांत तीच दोन जनुके आहेत. शेंदरी बोंडअळीने 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात दाखवून दिले की ती या दोघांनाही पचवते. म्हणजे ज्या कामासाठी आपण पहिल्यांदा जादा पैसे दिले, ते काम शेंदरी अळीपुरते संपले. मग आता कशाचे जादा देतो?

काही भाग खरोखर वाणाचा आहे. जनुके तीच असली तरी झाड वेगळे असते. एकाचे बोंड टपोरे, दुसरे लवकर निघणारे, तिसरे तुडतुड्याला दाद न देणारे, चौथे पावसाच्या खंडात तग धरणारे. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात अजित-155 साठी भर उन्हात रांगा लागल्या, त्या उगाच लागल्या नाहीत. लोकांना त्या झाडाचा अनुभव होता.

पण उरलेला भाग भीतीचा आहे. कोणते वाण खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर-शेगावच्या काळ्या जमिनीत चालते आणि कोणते घाटावर मेहकर-लोणारच्या हलक्या जमिनीत चालते, हे आपल्याला भरवशाने सांगणारा कोणी नाही. सांगतो तो विकणारा. मग सगळे एकाच नावाकडे धावतात. मागणी वाढते, माल लपतो, भाव चढतो. वरून लिंकिंग: हवे ते पाकीट पाहिजे तर नको असलेले खत नाही तर टॉनिक घ्या.

आणि हे जादाचे चारशे जातात कोणाकडे? ज्याने ते वाण पैदा केले त्याला मिळत नाहीत. त्याच्या पाकिटावर तोच भाव छापलेला आहे, जो रद्दी वाणाच्या पाकिटावर आहे. आमच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे जाळीच्या शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी भाजीपाल्याचे बियाणे करणारे भाऊ आहेत, त्यांच्यासारख्या पिकवणाऱ्यालाही त्यातला छदाम मिळत नाही. ते जातात मधल्या माणसाच्या खिशात. सरकारने भाव बांधला, पण टंचाई बांधता आली नाही. 2006 नंतर आपल्या वावरात पसरेल असे नवे तंत्रज्ञान मंजूर होऊन आले नाही. अळी बदलत गेली, पाकीट तेच राहिले.

आता चूक कुठे होते ते सांगतो. चूक तेराशे देण्यात नाही. चूक "बिल मागू नका" हे ऐकून घेण्यात आहे.

आपण नावाला पैसे देतो ते भरवशासाठी. पण कायद्याच्या दारात भरवसा उभा असतो तो बिलावर. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. महाराष्ट्रात 2009 चा कापूस बियाण्याचा वेगळा कायदा आहे, त्यात नुकसानभरपाईची सोय आहे. पण बिल नसेल तर तुम्ही ग्राहक आहात हे दाखवणार कसे? चारशे रुपये जादा देऊन आपण विमा घेतो आणि त्याची पावती दुकानातच टाकून येतो. बिनबिलाच्या पाकिटात तेच वाण आहे हे तरी कशावरून? नाव छापायला छापखाना पुरतो.

दुसरी चूक आम्ही शिकलेल्यांनी केली, ती कबूल केली पाहिजे. बोलगार्डच्या पाकिटात 120 ग्रॅमची नॉन-बीटीची वेगळी पुडी असे. ती बांधावर चारी बाजूंनी लावायची होती, म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढली नसती. किती जणांनी लावली? बहुतेकांनी फेकली, आणि आमच्यासारख्यांनी ती का लावायची हे वावरात येऊन सांगितले नाही. 1600 रुपयांच्या नावाचा मान राखला, आणि ते नाव टिकवणारी पुडी उकिरड्यावर गेली.

तर भावांनो, येत्या खरिपासाठी तीन कामे ठरवू.

पहिले, बिलाशिवाय पाकीट नाही. बिल, रिकामे पाकीट, त्यावरचे लेबल आणि मूठभर बी कापणीपर्यंत घरात जपून ठेवायचे. दुकानदार बिल देत नसेल तर एकट्याने भांडू नका. गावचे दहा जण मिळून जा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

दुसरे, प्रत्येक गावात एक पट्टा. एकाच वावरात, एकाच दिवशी, सहा वाणांच्या चार-चार तासांची टोबणी. खत सारखे, डवरणी सारखी. त्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एखादे सरळ वाणही घ्या, ज्याची सरकी पुढच्या वर्षी राखून लावता येते. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखायचा, शेजाऱ्याला विकायचाही हक्क दिला आहे, फक्त नाव छापून विकता येत नाही. काठीला नाव लावू नका, नंबर लावा, म्हणजे नावाची भुरळ पडणार नाही. वेचणीचे वजन आणि मत मायबहिणींचे. कोणते बोंड हाताला सोपे, कोणत्यात किडके जास्त, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. ज्वारीवाल्यांनीही असेच करावे. सीएसएच-9 आणि महिको-51 ची नावे आपल्या बापजाद्यांनी कणसे पाहून धरली होती.

तिसरे, सरकारकडे मागणी. परवाना द्यायचा तर पारख करून द्या, आणि बाजार खुला करा. एचटीबीटीचे उदाहरण समोर आहे. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकऱ्याला ते वाण हवे होते. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी जाहीरपणे ते लावून कायदेभंग केला. ते तंत्रज्ञान बंदीने थांबले नाही. ते बिनबिलाच्या, बिनलेबलाच्या पाकिटातून आले, आणि फसलेल्याला दाद मागायला दार राहिले नाही. चांगल्या वाणाला चांगला भाव मिळू द्या, तो छापून मिळू द्या, आणि फसवणाऱ्याला शिक्षा होऊ द्या. आम्ही कामाचे पैसे द्यायला कधीच मागे हटलो नाही.

रांगेतले ते बाबा संध्याकाळी पाकीट घेऊन गेले. बिल नव्हते. त्यांना आज आम्ही असे सांगू: बाबा, जादा देणे चूक नव्हते, पण कशाचे जादा दिले ते आपल्या हाती असलेल्या आकड्यांवरून कळले पाहिजे. ते आकडे आपल्या गावच्या पट्ट्यात तयार होतील. पुढच्या मे महिन्यात कोणी विचारले, "साहेब, कोणते घेऊ?", तर आम्ही पदवी दाखवणार नाही, तुमच्याच वावरातली वही उघडू.