डोहाळजेवणापूर्वीचा आहार
(मठाच्या वर्धापनदिनी सभामंडपात झालेले भाषण)



'आहार आणि आरोग्य' हा विषय मला देण्यात आला, तेव्हा त्यात 'काळ' या एका शब्दाची भर घालण्याची अनुज्ञा मी मागून घेतली. काय खावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. केव्हा खावे हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. मठात तो मागे राहत नाही. येथे नैवेद्याची घंटा ठरल्या वेळी होते आणि तिच्यापाठोपाठ पंगत बसते. वेळेवर केलेल्या भोजनाला चरकाचार्यांनीही आरोग्यकारक गोष्टींत अग्रस्थान दिलेले आहे. देहातील दिनरात्रीच्या घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेच अन्न सकाळी घेतले तर रक्तातील साखर जितकी वाढते त्याहून रात्री उशिरा घेतल्यास अधिक वाढते, हेही आता प्रयोगांनी दिसून आले आहे. तथापि वेळ पाळली म्हणजे सारे साधले, असे कोणी समजू नये. चीनमधील ग्वांगझू येथे 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या प्रयोगात, अन्नाचे माप सर्वांना सारखेच कमी करून, निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच अवधीत जेवावे असे ठरविले होते. 2022 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वजन घटण्यात दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नव्हता.

दिवसाच्या घड्याळाविषयी इतके पुरे. त्याहून मोठे असे आयुष्याचे घड्याळ आहे, आणि आज मला त्याविषयीच आपणांशी बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी एक वयोवृद्ध सासूबाई मोठ्या आस्थेने मला विचारू लागल्या, "डॉक्टरसाहेब, सूनबाईला सातवा लागला. आता तिला काय काय खाऊ घालू?" त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. पण मी मनात म्हटले, बाई, हा प्रश्न तुम्ही वर्षापूर्वी विचारावयास हवा होता. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. ओटी भरतात, पंचपक्वान्ने होतात. परंतु गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया ज्या नलिकेने घातला जातो, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांतच मिटून पूर्ण होते. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना आपणांस दिवस गेले आहेत याची वार्ताही नसते.

या गोष्टीचा सखोल शोध आपल्या महाराष्ट्रातच घेतला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची, गर्भधारणेच्या आधीपासून, नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्या मातांचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. नवल पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश, आतून मेदयुक्त! पुढील वयातील मधुमेहाचे बीज ते हेच असावे, असे त्या संशोधकांचे मत पडले.

मातेने एकंदर किती अन्न खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. शेतात राबणे आणि पाणी वाहून आणणे ज्यांना अधिक पडे, त्यांची बाळे लहान निघाली. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-12 हे जीवनसत्त्व उणे होते. आणि ज्यांच्यात फॉलेट भरपूर पण ब-12 उणे, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव मंदावल्याची लक्षणे सर्वांत अधिक दिसली. (येथे कोणी फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या हव्यातच, ब-12चे काय, हे आपल्या डॉक्टरांस विचारावे.)

मग आधीपासून खाऊ घातले तर काय होते? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 साली याचीच परीक्षा सुरू झाली. विवाहित स्त्रियांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला एक पदार्थ रोज देण्यात आला. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सर्व स्त्रिया मिळून पाहता बाळांच्या वजनात मोठा फरक पडला नाही. परंतु गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने ज्यांनी तो पदार्थ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जड भरली. अतिशय कृश स्त्रियांत मात्र हा लाभ दिसला नाही. एका खाऊने पिढ्यांची उपासमार भरून येत नाही, हे मान्य केले पाहिजे. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण मात्र शेकडा 12.4 वरून 7.3 वर आले. मला हा आकडा 48 ग्रॅमहून मोलाचा वाटतो.

आता आपल्या वैनगंगेकाठी येऊ. आपला जिल्हा धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी लागली की घरची सून दिवसभर चिखलात वाकून असते, आणि सायंकाळी सर्वांची ताटे झाल्यावर उरेल ते खाते. त्याच दिवसांत चातुर्मास येतो. नवी सून उत्साहाने सोमवार, एकादशी, शनिवार धरते. तिच्या श्रद्धेला मी नमस्कार करतो. परंतु याच चार महिन्यांत तिला दिवस जाण्याचा संभव असेल, तर उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि चहा यांवर तिला ठेवणे कोणत्या शास्त्रात बसते? चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा आहार महिन्यागणिक सांगितला आहे. पहिल्या महिन्यापासून दूध, तिसऱ्यात मध-तुपासह दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप. आचार्य सातव्या महिन्याची वाट पाहत बसले नव्हते.

आपण बहुतेक मंडळी शाकाहारी आहोत, आणि ब-12 वनस्पतींतून मिळत नाही. आपल्याला ते मिळते दूध, दही, ताक यांतून. आणि घरातले दूध आधी चहाला, मग पुरुषांना, मग मुलांना जाते. तिच्या वाट्याला बहुधा पातेले घासणेच येते. गाय-म्हैस असलेल्या घरांतही मी हे पाहिले आहे.

म्हणून मी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मंडळींकडे एक विनंती केली आहे, आणि ती आपणां सर्वांसमक्ष पुन्हा करतो. उद्याच्या भंडाऱ्यात पहिली पंगत नवविवाहित मुलींची आणि गर्भवती स्त्रियांची बसवावी. त्यांना आज वाढण्याचे काम नको. पानात भात आणि वरण आहेच. त्याबरोबर चवळाईची भाजी आणि एक वाटी दही असावे. मानकरी मंडळींनी दुसऱ्या पंगतीस बसावे. मीही दुसऱ्याच पंगतीत बसणार आहे.