भाकरीचा भाव घामात मोजू या

(धुळे येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर एका भावाने आम्हाला दारातच अडवले. म्हणाला, अमेरिकेत आणि जपानात किराणा काय भावाने मिळतो, याचा शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याशी संबंध काय? तिकडची अंडी महाग झाली तर आमच्या कापसाला कोण जास्तीचे दोन रुपये देणार आहे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच म्हाताऱ्या माणसांकडे आहे. इथे बसलेल्यांपैकी सत्तरीच्या आसपासच्या मंडळींना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायला गेलेली माणसे, पाझर तलावाची कामे, सुकडी, आणि रेशनच्या दुकानात आलेली ती लाल ज्वारी. मिलो म्हणत तिला. अमेरिकेतून जहाजाने आली होती. भाकरी तांबडी व्हायची, थापताना चिरायची, आणि पोरे नाक मुरडायची. तेव्हा गावोगाव एकच बोलणे होते, की अमेरिकेत हे धान्य डुकरांना आणि गुरांना घालतात.

बोलणे खोटे नव्हते. अमेरिकेत कॅन्सस आणि टेक्सासमध्ये ज्वारी पिकते, भरपूर पिकते. ती तिकडची माणसे खात नाहीत. गुरांच्या खाद्यात जाते, इथेनॉलच्या कारखान्यात जाते, जहाजे भरून चीनला जाते. चीनमध्ये तिचे पशुखाद्य होते आणि दारूही होते. आणि हीच ज्वारी आफ्रिकेत सुदानचा माणूस आंबवून, तव्यावर पातळ पसरून तिचा किसरा करतो आणि रोज खातो. आपली ज्वारी मूळची त्याच मुलखातली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेली. म्हणजे धान्य एकच. एका देशात ते जनावराचे, दुसऱ्यात दारूचे, तिसऱ्यात माणसाच्या ताटातले. धान्याच्या अंगात उच्च-नीच नसते. ते ठरवले जाते. कोण ठरवते, आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, एवढेच आज बोलायचे आहे.

आधी आपल्या ताटाकडे पाहू. खानदेशात दादर म्हणजे काय हे इथे सांगायला नको. तापीकाठच्या काळ्या रानात, पाऊस संपल्यावर, नुसत्या ओलीवर येणारी. भाकर गोड, कडबा वर. उडीद घालून दळली तर कळण्याची भाकर, उन्हाळ्यात बिबडे. तरीही आपल्याच घरात पाहुणा आला की काय होते? पोळी होते. भाकर रोजची, पोळी मानाची. जावयाला भाकर वाढली तर चार दिवस बोलणी खावी लागतात.

हा मान गव्हाला आपोआप नाही मिळाला. 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्यात दर लिहिले होते : तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये, भरडधान्य 1 रुपया. वाचा ते पुन्हा. देशाच्या कायद्याने लिहून ठेवले की ज्वारी-बाजरीची किंमत सगळ्यांत कमी. बरे, त्या रुपयाच्या भावाने ज्वारी तरी मिळाली का? रेशनवर आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. 2023 च्या जानेवारीपासून तर ते फुकट. दुकानात गहू फुकट मिळत असताना शेतात ज्वारी कोण पेरणार? त्यात 2002 नंतर बीटी कापूस आला, मका आला. ज्वारीची राने गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, आणि कडबा गेल्यावर दावणही रिकामी होत गेली.

मग काय झाले? ज्वारी कमी पिकू लागल्यावर शहरातल्या डॉक्टरांनी साखरेच्या रोग्याला भाकरी खायला सांगितली. 2023 साल तर जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि सरकारने तिचे नाव श्रीअन्न ठेवले. आज पुण्या-मुंबईच्या दुकानात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली ती आता रेशनच्या गव्हाची पोळी खातात, आणि ज्यांनी भाकरीला नाक मुरडले ते मोजून पैसे देऊन भाकरी खातात. नशीब म्हणायचे का याला? आम्ही तरी म्हणत नाही. धान्याचे भाव आणि रेशनची यादी मंत्रालयात ठरते, नभात नाही.

आता दुसऱ्या देशांकडे जाऊ. तिकडचे भाव ऐकले की आपला माणूस आधी डोळे मोठे करतो. 2025 च्या मे महिन्यात जपानमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी 4,285 येनला गेली. आपल्या पैशात किलोला 500 रुपयांच्या आसपास! आधीच्या वर्षाच्या साधारण दुप्पट. तिथल्या शेतीमंत्र्यांनी भाषणात सांगून टाकले, की मी तांदूळ कधी विकतच घेतलेला नाही, माझे पाठीराखे आणून देतात. तीन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. (आपल्याकडे हा नियम लागू केला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, हा हिशोब तुम्ही घरी करा.)

पण 500 रुपये किलो हा आकडा फसवा आहे. भाव रुपयात मोजला की माणूस फसतो, म्हणून आपण तो घामात मोजू. त्या वर्षी जपानमध्ये कायद्याने ठरलेली सर्वांत कमी मजुरी तासाला सरासरी 1,055 येन होती. म्हणजे सगळ्यांत कमी मजुरी घेणारा माणूससुद्धा एक तास राबला की सव्वा किलोच्या आसपास तांदूळ घरी नेऊ शकत होता, आणि एवढ्यावर तिथे मंत्री पडला.

आता आपला हिशोब. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागा. तासाला 39 रुपये. त्याच वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये क्विंटल, म्हणजे किलोला 37 रुपये. दुकानाचा भाव त्याहून वर. तेव्हा आपला मजूर एक तास राबून जेमतेम एक किलो ज्वारी आणतो. जपानच्या ज्या भावाने जगाच्या वर्तमानपत्रांत मथळे आले, त्या भावाहून आपली रोजची भाकर घामाच्या हिशोबात स्वस्त नाही. महागच आहे. पण आपल्या भाकरीसाठी कोणाचा राजीनामा ऐकला आहे का?

अमेरिकेचेही तसेच. 2025 च्या मार्चमध्ये तिथे अंडी डझनाला सव्वासहा डॉलरच्या घरात गेली. कोंबड्यांत रोग पसरला होता. आपल्या पैशात एक अंडे 45 रुपयांचे झाले. पण तिथली देशपातळीवरची सर्वांत कमी मजुरी तासाला सव्वासात डॉलर. त्या सगळ्यांत महाग महिन्यातही तासाभराच्या मजुरीत चौदा अंडी येत होती. आपल्याकडे अंडे साडेसहाला धरले तरी तासाच्या 39 रुपयांत सहा.

म्हणून कोणी सांगू लागले की भारतात अन्न फार स्वस्त आहे, तर त्याला विचारा, कोणाला? सरकारच्याच 2023-24 च्या घरखर्चाच्या पाहणीत खेड्यातल्या माणसाचा खर्च महिन्याला सरासरी 4,122 रुपये निघाला, आणि त्यातले 47 टक्के खाण्यावर गेले. घरच्या शेतातले धान्यही त्यात किंमत लावून धरलेले आहे. दिवसाला माणशी 65 रुपयेसुद्धा भरत नाहीत. अमेरिकेतला माणूस हॉटेलातले खाणे धरूनही हातात पडलेल्या मिळकतीतले 10-11 टक्के खाण्यावर घालतो. ज्याचे अन्न रुपयात महाग त्याचा खिसा भरलेला, आणि ज्याचे स्वस्त त्याचा निम्मा खिसा त्याच स्वस्ताईत रिकामा!

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. खेड्यातल्या शंभर रुपयांच्या खर्चात धान्यावर किती जातात? पाच. आणि चहा-नाश्ता, फरसाण, बिस्किट, थंड पेये, तयार खाणे यांवर? जवळजवळ दहा. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा हातात घ्या. पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे शंभर रुपये किलो. साखर आहे, तेल आहे, भट्टी आहे, कागद आहे, सगळे मान्य. पण 2025 साली गव्हाचा हमीभाव किलोला सव्वाचोवीस रुपये होता. बिस्किट महागले म्हणून कोणी रस्त्यावर आलेले आम्ही पाहिले नाही. गहू चार रुपयांनी चढला की मात्र दिल्लीला घाम फुटतो. 13 मे 2022 ला गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची झाली, ती 4 मे 2024 पर्यंत, आणि नंतरही निर्यातकर राहिला तो 1 एप्रिल 2025 ला उठला. साक्री-धुळ्याच्या कांदेवाल्यांना या तारखा तोंडपाठ असतील.

एक गोष्ट मात्र खरेपणाने सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही पुढाऱ्यांसारखे अर्धे बोलून टाळ्या घेऊ. अमेरिकेचा ज्वारी पिकवणारा आपल्यापेक्षा जास्त भाव घेतो, असे नाही. 2024 च्या हंगामात त्याला बुशेलला चार डॉलरच्या आसपास मिळाले. बुशेल म्हणजे ज्वारीचे साधारण 25 किलो. हिशोब केला तर किलोला चौदा रुपयेसुद्धा नाहीत! आपल्या हमीभावाच्या निम्म्याहून कमी. गिऱ्हाइकाच्या डॉलरमधलाही त्याचा वाटा लहान आहे. 2023 मध्ये अमेरिकेत अन्नावर खर्च झालेल्या दर डॉलरमागे शेतीपर्यंत 16 सेंटसुद्धा पुरते पोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात आपल्या कांदेवाल्याचा वाटा रुपयात 36 पैसे निघाला.

मग तो तरतो कसा? एकतर त्याची एकरी पंधरा क्विंटल येते आणि देशाच्या सरासरीने आपली चार. दुसरे, भाव ठरावीक पातळीखाली गेला की फरक सरकारी तिजोरीतून भरून निघण्याची तिथे कायद्यानेच सोय आहे. ज्वारीची ती पातळी बुशेलला 3 डॉलर 95 सेंट होती, 2025 च्या कायद्याने 4 डॉलर 40 झाली. म्हणजे तिथल्या गिऱ्हाइकाला स्वस्त द्यायचे तर भार तिजोरी उचलते. जपानमध्ये बाहेरच्या तांदळावर जबर कर लावून तो भार गिऱ्हाइकावर टाकला आहे. दोन्ही रीती आम्हाला पसंत आहेत असे समजू नका. फुकटचा पैसा शेतकऱ्यालाही नासवतो. पण निदान तिथे शहरातल्या स्वस्ताईची पावती शेतकऱ्याच्या नावाने फाडत नाहीत. आपल्याकडे निर्यात बंद करायची, साठ्यावर मर्यादा घालायची, कर उतरवून बाहेरचा माल आणायचा, आणि भाव पडला की म्हणायचे, ग्राहकाला दिलासा दिला. यालाच आपण उणे सबसिडी म्हणतो.

आणि तो ग्राहक कोण? भावांनो, कोरडवाहू शेतकरी स्वतः ग्राहक आहे. कापूस एकदा विकतो, किराणा बारा महिने घेतो. एके काळी घाणीचे शेंगदाण्याचे तेल घरात असे. आज देशाला लागते त्यातले निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते आणि आपल्या शेवभाजीवर तरंगते ते बहुधा इंडोनेशिया-मलेशियाचे पाम. तूर आपण पिकवतो, आणि डाळ आफ्रिकेची येते. कापसाचे सांगायला नको. 19 ऑगस्ट 2025 ला बाहेरच्या कापसावरचा 11 टक्के कर उठवला, तो थेट 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी आणि बाहेरची गाठ एकाच महिन्यात बाजारात. कापसाच्या क्विंटलला तोळाभर सोने येत असे, ही गोष्ट प्रत्येक बैठकीत निघते. ती आज राहू द्या. सोने कोणी खात नाही.

एक क्विंटल कापसात आपल्या घरचा किराणा किती दिवस चालतो, हे आम्ही इथे येण्याआधी दहा-बारा जणांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. आम्हालाही नाही. म्हणून एक काम ठरवू. येत्या हंगामापासून घरात एक वही करायची. एका पानावर विकले काय, दुसऱ्यावर आणले काय. पुढे रुपये लिहाच, पण शेजारी तेवढ्या पैशासाठी किती दिवस राबलो तेही लिहायचे. घरची ज्वारी, घरची डाळ खाल्ली असेल तर तीही बाजारभावाने मांडायची. सोडायची नाही. वही मायबहिणींकडे असू द्या. तेलाची पिशवी पुरी लिटरची आहे की कमी, मागच्या महिन्याच्या पुड्यात बिस्किटे किती होती आणि या महिन्यात किती, हे त्यांना ठाऊक असते. आपल्यापैकी बहुतेक पुरुषांना कडब्याच्या शेकड्याचा भाव सांगता येतो, डाळीच्या किलोचा नाही. त्या जपानी मंत्र्याला आपण उगाच हसलो.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने निदान पाच वह्या आणाव्यात. त्या एकत्र करून आपण खानदेशचा आकडा काढू, आणि तो घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.