प्रश्नाला दिलेली बगल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टाळाटाळीसाठी मराठी भाषेत जितके वाक्प्रचार आहेत, तितके सरळ उत्तर देण्यासाठी नाहीत. बगल देणे, वेळ मारून नेणे, टोलवाटोलवी करणे, कानांवर हात ठेवणे, हात झटकणे, उडवाउडवी करणे. ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. ज्या समाजाला टाळाटाळीच्या इतक्या तऱ्हा ठाऊक आहेत, त्याला पुढारी त्यांतली कोणती तऱ्हा केव्हा वापरतो हे ओळखता यायला हवे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. पत्रकाराचा प्रश्न एक असतो, पुढाऱ्याचे उत्तर भलत्याच प्रश्नाचे असते, आणि ऐकणारे 'काय सडेतोड बोलला!' म्हणून घरी जातात.

या विद्येचा पाठ घ्यायचा तर २४ मे १९८३ च्या संध्याकाळचा बीबीसीवरील एक कार्यक्रम पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये निवडणुकीची रणधुमाळी चालू होती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर नागरिकांच्या प्रश्नांना थेट प्रक्षेपणात उत्तरे देत होत्या. दूरच्या स्टुडिओतून डायना गूल्ड नावाच्या एका शिक्षिकेने त्यांना विचारले की, आदल्या वर्षीच्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची 'जनरल बेल्ग्रानो' ही युद्धनौका निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती आणि फॉकलंड बेटांपासून दूर चालली होती, तरी ती बुडवण्याचा हुकूम का दिला? २ मे १९८२ रोजी झालेल्या त्या हल्ल्यात ३२३ माणसे मेली होती.

थॅचरबाईंचे पहिले उत्तर असे की, ती नौका दूर जात नव्हतीच. गूल्डबाईंनी नौकेची दिशाच सांगितली: २८० अंश, म्हणजे जवळजवळ पश्चिमेकडे. त्यांनी भूगोल शिकवला होता. त्यांना नकाशा दाखवून गप्प करता येण्यासारखे नव्हते. मग उत्तर बदलले. नौका कोठेही जात असो, ती आपल्या आरमाराला धोका होती. प्रश्न पुन्हा आला. मग उत्तराने तिसरे वळण घेतले: शत्रूची नौका बुडवल्याबद्दल पंतप्रधानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा देश जगात ब्रिटन एवढाच असेल! आणि शेवटी असे आश्वासन की, सुमारे तीस वर्षांनी सारी कागदपत्रे प्रसिद्ध होतील, तेव्हा कळेल. तेवढ्याने समाधान होत नाही, असे गूल्डबाईंनी त्यांच्या तोंडावर सांगितले.

आधी वस्तुस्थिती नाकारायची, ती सिद्ध होते असे दिसताच ती गैरलागू ठरवायची, तेही जमेना तर प्रश्न विचारणाऱ्याच्या देशनिष्ठेकडे बोट दाखवायचे, आणि अखेर मुदत मागून घ्यायची. चार-पाच मिनिटांत या चारही पायऱ्या पाहायला मिळतात. आश्चर्य असे की, सरळ उत्तर उपलब्ध होते. युद्धात नौका आज पश्चिमेला जाते आणि उद्या पूर्वेला वळते. निषिद्ध क्षेत्राची रेषा ओलांडली नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. खुद्द बेल्ग्रानोच्या कप्तानानेही पुढे हा हल्ला युद्धातली कृती होती, गुन्हा नव्हता, असे मत दिले. मग 'होय, ती दूर चालली होती, आणि तरीही बुडवणे आम्हांला आवश्यक वाटले' असे सांगायला काय हरकत होती? हरकत इतकीच की, आधी संसदेत वेगळे सांगून झाले होते. एका टाळलेल्या उत्तराच्या रक्षणासाठी पुढची दहा उत्तरे टाळावी लागतात.

हे प्रकरण तेथेच थांबले नाही. थॅचरबाई प्रचंड बहुमताने निवडून आल्या. त्यानंतर संरक्षण खात्यातले अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांनी बेल्ग्रानोसंबंधीची कागदपत्रे मजूर पक्षाचे खासदार टॅम डॅल्येल यांच्या हाती दिली. सरकारने पाँटिंग यांच्यावर गोपनीयतेच्या कायद्याखाली खटला भरला. १९८५ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. सरकारने यातून बोध घेतला तो असा की, १९८९ साली नवा गोपनीयता कायदा करून लोकहिताच्या बचावाची ही वाटच बंद केली. तथापि बाराशे शब्दांच्या अग्रलेखांना जे साधले नव्हते, ते एका बाईंनी एकच प्रश्न सोडला नाही म्हणून साधले, एवढे मान्य करावे लागेल.

आता घराकडे वळू.

पंडित नेहरूंवर समाजवाद्यांनी जेवढी टीका केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले आणि नेहरूंनी तो आकडा पंधरा आण्यांचा असल्याचे उत्तर दिले. तो वाद आकड्यांचा होता, आणि तो आकड्यांनीच लढला गेला. आज मागे वळून पाहताना त्यातली एक गोष्ट जाणवते: पंतप्रधान सभागृहात बसून ऐकत होते आणि उत्तर देत होते. पत्रकार परिषदांनाही ते नियमितपणे सामोरे जात. २२ मे १९६४ रोजी, प्रकृती पुरती ढासळलेली असताना, त्यांच्यानंतर कोण हा प्रश्न त्यांना पत्रकारांनी तोंडावर विचारला. आपले आयुष्य इतक्या लवकर संपत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. पाच दिवसांनी ते गेले. उत्तर चुकले, पण प्रश्न विचारणाऱ्याला दारातून हाकलले गेले नाही.

त्याच काळात त्यांचे जावई फिरोज गांधी यांनी १९५६ साली असा कायदा करवून घेतला की, संसदेतल्या कामकाजाचे खरे वृत्त छापल्याबद्दल वृत्तपत्रावर खटला होऊ नये. पुढे मुंदडा प्रकरणात फिरोज गांधींनीच आयुर्विमा महामंडळाच्या पैशांविषयी प्रश्न उपस्थित केले, न्यायमूर्ती छागलांची चौकशी उघड्यावर झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले. फिरोज गांधींचा तो कायदा आणीबाणीत, त्यांच्याच पत्नीच्या सरकारने रद्द केला, आणि १९७७ साली जनता राजवटीत तो पुन्हा आला. इतिहासाला असे क्रूर विनोद सुचतात.

आणीबाणीत प्रश्नाला बगल देण्याची गरजच उरली नाही. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादुरशहा जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि दुसऱ्या दिवसापासून छापण्यापूर्वीची तपासणी सुरू झाली. काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. हा काळ लोकशाहीवरील संकट म्हणून सर्वांना पाठ आहे. त्याची एक बाजू मात्र कमी बोलली जाते. प्रश्न बंद झाले तेव्हा राज्यकर्त्यांचे कानही बंद झाले. सक्तीच्या नसबंदीने खेड्यापाड्यांत काय भडका उडाला आहे, हे छापून येत नव्हते म्हणून दिल्लीत वाचलेही जात नव्हते. जानेवारी १९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या त्या जिंकण्याच्या खात्रीने, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मार्चमध्ये त्या स्वतः रायबरेलीत पडल्या. ज्याने पत्रकाराचे तोंड बांधले त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती. त्यानंतर शाह आयोगापुढे त्या आल्या, पण शपथ घेऊन उत्तरे देण्यास त्यांनी नकार दिला. आणि १९८० साली याच देशाच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, हेही विसरता कामा नये. प्रश्न टाळणाऱ्याला मतदार शिक्षा करतोच, या भाबड्या समजुतीला इतिहासाचा आधार नाही.

काँग्रेसकडे बोट दाखवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी मांडलेल्या अविश्वासाच्या ठरावावर मोरारजी देसाई सरकारचा घणाघाती बचाव केला तो जॉर्ज फर्नांडिस यांनी. आणीबाणीत हातकड्या घातलेल्या अवस्थेत ज्यांचे छायाचित्र घरोघर पोचले होते, ते फर्नांडिस. दोन-तीन दिवसांतच ते त्या सरकारच्या बाहेर होते आणि सरकार कोसळले होते. गुरुवारी जे सांगितले ते खरे होते की रविवारी जे केले ते? हा प्रश्न तेव्हा पत्रकारांनी विचारला, आणि त्याहून अधिक वेदनेने तो कार्यकर्त्यांनी विचारला. मित्रांचा दबाव, परिस्थितीची निकड, व्यापक ध्येय, अशी स्पष्टीकरणे आली. ती सगळी खोटी होती असे नाही. पण गिरणीच्या दारात, एस.टी.च्या थांब्यावर जो कार्यकर्ता लोकांना उत्तरे देत उभा होता, त्याच्या हाती त्यांतले एकही टिकणारे नव्हते. नेता प्रश्न टाळतो तेव्हा तो प्रश्न नाहीसा होत नाही. उतरंडीवरून गडगडत तो खालच्या माणसाच्या अंगावर येतो.

महाराष्ट्राचे उदाहरण सिमेंटचे. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांकडे येणाऱ्या देणग्यांचा प्रश्न देशभर गेला. त्या काळी सिमेंट नियंत्रित होते. घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला दहा-वीस पोत्यांसाठी खेटे घालावे लागत. अशा वेळी बांधकाम व्यावसायिकांना सिमेंट कोणत्या हिशेबाने मिळते, हा प्रश्न साधा आणि सरळ होता. त्याला मिळालेली उत्तरे मात्र ओळखीच्या वळणाची होती. प्रतिष्ठाने गरजू कलावंतांसाठी व गुणवंतांसाठी आहेत. टीका करणाऱ्यांना बहुजनांतला मुख्यमंत्री सहन होत नाही. यामागे राजकीय हेतू आहे. देणगी आणि परवाना यांचा संबंध आहे की नाही, एवढेच तेवढे कोणी सांगत नव्हते.

येथे वृत्तपत्राच्या प्रश्नाला दुसरा हात मिळाला. प. बा. सामंत, मृणाल गोरे प्रभृतींनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. पाणी आणि रॉकेल यांसाठी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या मृणालताई या वेळी कागद घेऊन न्यायालयात गेल्या. न्यायालयात 'यामागे राजकारण आहे' हे उत्तर चालत नाही. तेथे आवंटनाची तारीख आणि धनादेशाची तारीख शेजारी शेजारी ठेवली जाते. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे लांबला आणि त्यात त्यांना शिक्षा झाली नाही, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु खुर्ची गेली ती शिक्षेमुळे नव्हे, प्रश्न सोडला गेला नाही म्हणून.

आणखी एक तऱ्हा आहे, ती अधिक सुसंस्कृत दिसते. २१ जानेवारी १९८७ रोजी दिल्लीतील पत्रकार परिषदेत एका पाकिस्तानी पत्रकाराने राजीव गांधींना त्यांच्या आणि परराष्ट्र सचिवांच्या विधानांतील विसंगतीविषयी विचारले. लवकरच तुम्ही नव्या परराष्ट्र सचिवांशी बोलाल, असे पंतप्रधान म्हणाले. परराष्ट्र सचिव ए. पी. वेंकटेश्वरन त्याच सभागृहात बसले होते. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. विसंगतीचे काय, हे कोणी पुन्हा विचारले नाही. सगळ्यांचे लक्ष बळी गेलेल्या माणसाकडे वळले होते. पुढच्या वर्षी, बोफोर्सचे प्रश्न गळ्याशी आल्यावर, त्याच सरकारने बदनामीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर करून घेतले आणि देशभरचे पत्रकार रस्त्यावर आल्यावर सप्टेंबर १९८८ मध्ये ते मागे घेतले.

यानंतरच्या काळात तंत्र बदलले. प्रश्नकर्त्याला गप्प बसवण्यापेक्षा त्याला विकत घेणे स्वस्त पडते, हे २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत दिसले. एकच स्तुतीपर मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून झळकला, पी. साईनाथ यांनी तो उघड केला आणि 'पेड न्यूज' हा शब्द मराठीत रूढ झाला. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे प्रश्नांचा प्रसंगच येऊ न देणे. १७ मे २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीचा प्रचार संपला त्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी आपल्या पक्षाच्या पत्रकार परिषदेत आले, बोलले, आणि एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही. पक्षाध्यक्ष बसले असताना शिस्तबद्ध कार्यकर्त्याने बोलू नये, असे कारण त्यांनी दिले. ज्या माणसाच्या नावाने मते मागितली गेली, तोच त्या मेजावर प्रेक्षक होता. आकाशवाणीवरून दरमहा मनातले सांगता येते. पण तेथे 'म्हणजे नेमके काय?' असे विचारणारा समोर नसतो.

संसदीय पद्धतीत मूळ प्रश्नापेक्षा पूरक प्रश्नाला मंत्री अधिक घाबरतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर सचिवाने लिहून दिलेले असते. पत्रकार परिषदेत तो पूरक प्रश्न सहसा दुसऱ्या पत्रकाराने विचारायचा असतो, आणि तेथेच घोडे पेंड खाते. प्रत्येकाला आपला स्वतंत्र प्रश्न हवा असतो. शेजाऱ्याचा अर्धवट राहिलेला प्रश्न पुढे नेण्यात कोणाला भूषण वाटत नाही. पुढारी हे पक्के ओळखून असतो. तो एका हाताने पहिल्याला थांबवतो आणि दुसऱ्या हाताने मागच्या रांगेतल्या कोणाला तरी बोलावतो.

२००५ पासून माहितीच्या अधिकाराने हा पूरक प्रश्न दहा रुपयांच्या शुल्कात सामान्य नागरिकाच्याही हाती आला आहे. राजस्थानच्या खेड्यांत रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रके मागणाऱ्या मजुरांनी त्या कायद्याचा पाया घातला. त्यांना पत्रकार परिषदेचे निमंत्रण कधीच नव्हते.

राहिला प्रश्न अशा अभ्यासवर्गांना येणाऱ्या कार्यकर्त्यांचा. तालुक्याच्या ठिकाणी विश्रामगृहात चहा-बिस्किटांवर जी पत्रकार परिषद होते, तेथे कोपऱ्यातल्या लहान साप्ताहिकाचा बातमीदार विचारतो: मोर्च्यासाठी किती वर्गणी जमली, कोणाकडून, आणि खर्च किती झाला? अशा वेळी 'आमच्यावर संशय घेता?' हे उत्तर ओठांवर येते. थॅचरबाईंच्या ओठांवरही तेच आले होते. वर्गणीची पावतीपुस्तके आणि खर्चाची वही त्या मेजावर आधीच ठेवलेली असावी, आणि वहीत एखादी रक्कम जुळत नसेल तर ती जुळत नाही असे प्रथम आपणच सांगावे.