पेटंटचे खटले आणि लेथवरचा कामगार

(फेडरेशनच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



डंकेल प्रस्तावाच्या काळात पेटंट हा शब्द आपल्या मोर्च्यांच्या फलकांवर आला. पण पेटंटचा खटला कोर्टात प्रत्यक्ष कसा चालतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत आहे. मी वकील नाही, मॅट्रिक झालेला रेल्वे कामगार आहे. तरी हा विषय घेतला, कारण या देशातला पेटंटविषयीचा एक पायाभूत निकाल लेथच्या बाबतीत लागलेला आहे, आणि लेथ म्हणजे काय हे आपल्या टर्नरला कोणी शिकवायला नको.

उत्तर प्रदेशात मिर्झापूरला हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज ही पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी करणारी फर्म होती. लेथवर भांडे फिरवताना ते हेडस्टॉकवरून उडायचे आणि कामगाराला इजा होण्याचा धोका असायचा. या फर्मने टेलस्टॉकच्या बाजूने दाब देऊन भांडे घट्ट धरण्याची युक्ती काढली आणि तिचे पेटंट घेतले. ते डिसेंबर १९५१ पासून लागू झाले. पुढे बिश्वनाथ प्रसाद राधे श्याम ही दुसरी फर्म तीच पद्धत वापरते, असे म्हणून तिच्यावर दावा लावला.

आता इथे नीट लक्ष द्या. प्रतिवादीने नुसते "आम्ही नक्कल केली नाही" एवढेच म्हटले नाही. "तुमचे पेटंटच खोटे आहे, ते रद्द करा," अशी उलट मागणी केली. पेटंटभंगाचा खटला बहुधा असाच उलटतो. दावा लावणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. पेटंट कार्यालयाने शिक्का मारला म्हणजे पेटंट पक्के झाले, असे कायदा मानत नाही.

अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाने पेटंट रद्द केले, दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ते पुन्हा उभे केले, आणि सुप्रीम कोर्टाने १९७८ च्या डिसेंबरात ते कायमचे रद्द ठरवले. कारण असे दिले की टेलस्टॉकने दाब देऊन वस्तू धरणे ही कित्येक दशके माहीत असलेली गोष्ट आहे. तीच थोडी फिरवून वापरली, तर तो वर्कशॉपमधला सुधार झाला, शोध नव्हे. गंमत म्हणजे त्या वेळी पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. निकाल लागला तेव्हा पेटंट आपोआप संपून ११ वर्षे झाली होती!

कोर्टाने गज कोणता लावला? त्या धंद्यातल्या जाणकार माणसाला, त्या तारखेला सर्वांना असलेल्या ज्ञानावर, ही युक्ती सहज सुचली असती का? सुचली असती तर पेटंट नाही. निकालात मात्र हा जाणकार म्हणजे इंजिनिअरसारखा माणूस, साधा कारागीर नव्हे, असा फरक केलेला आहे. हा फरक मला पटत नाही. यंत्र अडले की कोणाला हाक मारतात, हे शेडमध्ये सर्वांना ठाऊक असते. पण गज चांगला आहे. रोजच्या कामात हाताला सुचलेल्या सुधारणेवर उद्या कोणी मालकी सांगू लागला, तर हाच निकाल आडवा येतो.

भंग झाला की नाही, हे ठरवताना कोर्ट आधी पेटंटमधले दावे वाचते, मग समोरची वस्तू त्यांच्याशी ताडून पाहते. पुण्याच्या बजाज ऑटोचा टीव्हीएसशी इंजिनातल्या दोन स्पार्क प्लगवरून वाद झाला. मद्रास हायकोर्टाने २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली. २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. बजाजच्या दाव्यात दोन व्हॉल्व्ह होते, टीव्हीएसच्या इंजिनात तीन. म्हणजे गाभा पाहायचा की सगळे सुटे भाग मोजायचे, यावरच सगळे अवलंबून! सुप्रीम कोर्टात प्रकरण गेले, तेव्हा असे खटले मनाईहुकमावर लोंबकळत ठेवू नका, मूळ दावाच लवकर निकाली काढा, असे त्या कोर्टाने बजावले.

औषधाच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा. ग्लिव्हेक हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध. त्या वादाच्या वेळी नोव्हार्टिस कंपनीचे महिन्याचे औषध सुमारे एक लाख वीस हजाराचे होते, भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांचे. कंपनीने जुन्याच द्रव्याच्या नव्या स्फटिकरूपावर पेटंट मागितले. २००५ मध्ये आपल्या कायद्यातले कलम ३(ड) बदलले. त्याप्रमाणे जुन्या पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी ठरले, तरच शोध. हे रूप शरीरात ३० टक्के जास्त भिनते, असे कंपनी म्हणाली. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की औषधाचा गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण, आणि तो वाढल्याचे दाखवलेले नाही. पेटंट नाकारले.

या अर्जाला चेन्नईच्या पेटंट कार्यालयात विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्थाही होती. पेटंट मिळण्याआधी कोणीही व्यक्ती लेखी विरोध करू शकते, हे कलम २५ मध्ये आहे. म्हणजे आपली युनियनही करू शकते. मात्र २०२४ च्या नियमांनी अशा विरोधाला फी लावली आहे आणि तो ऐकण्याजोगा आहे की नाही, हे नियंत्रक आधी ठरवणार आहेत. त्या नियमांची प्रत मी आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी.