मगरीसारखा, पण मगर नव्हे

आज आम्ही तुम्हाला प्राणहिता नदीच्या पलीकडची गोष्ट सांगणार आहोत. आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, तेलंगणात, मलेरी नावाचं गाव आहे. तिथल्या लाल मातीच्या थरांत सुमारे 22-23 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं सापडतात. त्यांतल्याच एकाचं नाव पॅरासुकस हिस्लोपी. पॅरासुकस म्हणजे मगरीच्या जवळचा. हिस्लोपी हे नाव नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून पडलं. तिथलं हिस्लॉप कॉलेजही त्यांच्याच नावाचं.

लांब तोंड, टोकदार दात, पाठीवर हाडाचे खवले. बघणारी म्हणेल, मगरच की! पण मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या मागे डोळ्यांजवळ होत्या. म्हणजे कुळ वेगळं. त्या कुळाला फायटोसॉर म्हणतात. त्याचा अर्थ झाडपाला खाणारा सरपटणारा प्राणी, आणि तोही चुकीचाच! 1828 साली जर्मनीत येगर नावाच्या अभ्यासकाने जबड्याच्या खाचांत भरून घट्ट झालेला गाळ पाहिला आणि त्यालाच चावायचे दात समजला. हे प्राणी तर शिकारी होते. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आपल्या पॅरासुकसचा घोळ आणखी मोठा. 1885 साली लायडेकर यांनी सुट्या तुकड्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे कळलं, कवटीचा एक तुकडा भलत्याच प्राण्याचा होता. दोन घरचं धान्य एका पोत्यात भरल्यासारखं झालं.

मग सुटलं कसं? त्याच भागात जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले. शंकर चॅटर्जी यांनी 1978 साली त्यांचं वर्णन केलं. पोटाच्या जागी खाल्लेल्या छोट्या प्राण्याची हाडंसुद्धा होती. शेवटी 2003 साली प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यांतला एक सांगाडा या नावाचा खरा नमुना ठरवला. लायडेकरांपासून 118 वर्षं गेली!

मैत्रिणींनो, हाडं जिथे पडली तिथेच, एकत्र राहिली, म्हणून हा गुंता सुटला. विहीर खणताना, रोजगार हमीच्या कामावर दगडासारखं जड हाड दिसलं, तर फोडू नका, घरी नेऊ नका. जागेवर खूण करा, फोटो काढा, आणि तलाठ्यांना किंवा शाळेतल्या गुरुजींना दाखवा. एक तुकडा हलला, तरी कुणाचं तरी नाव चुकू शकतं.