खाणीची माती आणि गावचा नाला



वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांच्या भूमीखाली, दगडी कोळशाचे मोठे साठे आहेत. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. या कोळशावर वीज केंद्रे चालतात. त्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु खुल्या खाणीत कोळसा हाती येण्यापूर्वी त्यावरील काळी माती, चिकणमाती व वालुकाश्म उचलून बाजूला टाकावे लागतात. त्यांचे डोंगराएवढे ढिगारे उभे राहतात. पावसाळ्यात या ढिगाऱ्यांचे काय होते, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

एक साधे गणित पाहू. एक हेक्टर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी पडते. ढिगारा १०० हेक्टरांचा असेल, तर एका दिवसाच्या अशा पावसात त्यावर १० कोटी लिटर पाणी पडेल. ढिगाऱ्याची माती मोकळी, उतार तीव्र आणि वर गवताची काडी नाही. मग वाहणारे पाणी माती घेऊनच खाली येते. ती नाल्यात साचते, नाल्याचे पात्र उथळ होते, पूर शेतात शिरतो आणि कसदार जमिनीवर निकस मातीचा थर बसतो. इरई, पैनगंगा व वर्धा या नद्यांना मिळणाऱ्या लहान नाल्यांची ही चिंता आहे.

यावरील उपाय अवघड नाहीत. ढिगारा टप्प्याटप्प्याने रचावा; पायथ्याशी आधारभिंत बांधावी; सभोवती वेढा घालणारा चर खणावा; चराचे पाणी निवळण तलावात थांबवून मगच नाल्यात सोडावे; वरची सुपीक माती वेगळी राखून उतारावर गवत व झाडे वाढवावीत. पर्यावरण मंजुरीत या अटी सामान्यतः असतात. चर व तलाव अतिवृष्टीच्या पाण्याहून ५० टक्के अधिक क्षमतेचे असावेत, असेही त्यांत सांगितलेले असते. नाल्यात सोडावयाच्या खाणीच्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे सन २००० मध्ये ठरविलेले मानक आहे. या मर्यादेतही एक कोटी लिटर पाण्याबरोबर एक टन गाळ जातो. प्रमाण ५,००० मिलिग्रॅमवर गेले, तर तोच गाळ ५० टन होईल!

मग अडते कोठे? अट लिहिणे निराळे आणि ती पाळणे निराळे. चर एकदा खणला जातो, पण गाळाने भरल्यावर उपसला जात नाही. ढिगारा वाढतो आणि चरावरच येऊन बसतो. निवळण तलाव गाळाने भरला की पाणी त्यात थांबत नाही. जसे येते तसेच गढूळ बाहेर पडते. पाहणी उन्हाळ्यात झाली, तर कोरडा चर नेहमीच व्यवस्थित दिसतो. त्याची खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला होते.

म्हणूनच पंचायतींनी आपले अधिकार जाणून घेतले पाहिजेत. पर्यावरण मंजुरीची प्रत खाणचालकाने स्थानिक पंचायतीस द्यावयाची असते आणि पंचायतीने ती ३० दिवस फलकावर लावावयाची असते. अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी सादर व्हावयाचा असून तो जनतेस पाहण्यास खुला असतो. १ जूननंतर आठवडाभरातच मृग लागतो. तेव्हा मे महिन्यातच ग्रामसभेत विचारावे : चर उपसला काय? तलावातील गाळ काढला काय? तो गाळ कोठे टाकला?

शिक्षकांनाही येथे कार्य आहे. पावसानंतर नाल्याला जोर नसताना, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, खाणीच्या वरच्या व खालच्या बाजूचे पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरून वर्गात ठेवावे. तळाशी बसणारा गाळ मुलांना पुष्कळ काही शिकवील. तारीख, वेळ व स्थळ वहीत टिपावे. हा कायदेशीर पुरावा नव्हे. त्यासाठी नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच विहित पद्धतीने घ्यावा लागतो. परंतु त्यांना केव्हा व कोठे बोलवावे, हे अशा नोंदींवरून कळते. अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे की, एक पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि दुसरी भर पावसात करावी.

कोळसा एकदाच निघतो. शेत व नाला मात्र पिढ्यानपिढ्या उपयोगी पडावयाचे असतात. खाण संपल्यावर गावाजवळ हिरवी टेकडी राहावी की दर पावसात शेतावर उतरणारा चिखल, हे चराच्या साध्या देखभालीवर पुष्कळसे अवलंबून आहे. त्या देखभालीवर लक्ष ठेवण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करावे.