पाऊस किती, नदी किती?

बुलढाण्याच्या डोंगरमाथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. एका उतारावरचें पाणी पैनगंगेतून पुढें गोदावरीस मिळून पूर्वसमुद्राला जातें. उत्तरेकडे उतरलेलें पाणी नळगंगा, पूर्णा व तापी यांतून पश्चिमसमुद्राला. अशा ठिकाणच्या माणसानें पावसाचा हिशेब ठेवावा हें साहजिकच.

दर अक्षय्यतृतीयेस भेंडवळच्या घटमांडणीकडे सर्वांचे कान लागतात. येणाऱ्या वर्षाची ही उत्सुकता. गेल्या पन्नास वर्षांची मात्र कोणास नसते. तेथें आपण स्मरणावर विसंबतों. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. पुढें शिक्षक झाल्यावर ‘पाऊस पूर्वीसारखा राहिला नाहीं’ असें मी वर्गांत ठामपणें सांगत असें. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, पूर्वीसारखा म्हणजे किती?” मजजवळ उत्तर नव्हतें.

१९७२ पासून मोजावयास लागलों तर पाऊस वाढत चालल्यासारखा दिसेल. एखाद्या ओल्या वर्षापासून आरंभ केला तर घटत चालल्यासारखा. म्हणून दीर्घ काळाची सरासरी घ्यावी लागते. हवामान खात्यानें १९६१ ते २०१० या वर्षांवरून देशाच्या पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी ८८०.६ मिलिमीटर काढली होती. १९७१ ते २०२० या वर्षांवरून ती ८६८.६ आली. फरक बारा मिलिमीटरांचा, अर्धा इंचही नव्हे! अर्थात् देशाच्या सरासरीवरून आपल्या तालुक्याचा निकाल लागत नाहीं. त्याला तालुक्याचीच नोंद हवी.

नदीचा हिशेब याहून अवघड. पाऊस तेवढाच पडूनही प्रवाह बदलूं शकतो. तो थोड्या तासांत कोसळला तर पूर येतो, पण पाणी जमिनींत कमी मुरतें. विहिरींवरील पंपांचा उपसा वाढला कीं उन्हाळ्यांतील झरे आटतात. येळगांव किंवा पेनटाकळी येथें अडविलेलें पाणी तर खालच्या मोजणींत दिसतच नाहीं. तें हिशेबांत धरल्यावांचून पैनगंगा खरोखर किती घटली तें कळणार नाहीं. दोष आभाळाचा कीं आपल्या उपशाचा, हें न पाहतां आणखी खोल विहीर खणणारा शेतकरी आपली पुंजी अंधारांत टाकीत असतो.

यासाठीं प्रत्येक शाळेच्या अंगणांत पर्जन्यमापक असावें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजावें, आणि कोरड्या दिवशीं शून्यही लिहावें. त्या विद्यार्थ्याला मी उत्तर देऊं शकलों नाहीं. त्याच्या नातवंडांना तरी तें मिळावें.